तपासाचा पराभव : ‘द ड्रायव्हर्स सीट’

म्यूरिअल स्पार्क यांच्या ‘द ड्रायव्हर्स सीट’ (१९७०) या लघुकादंबरीत एकटीच परदेशी निघालेल्या लीझचा खून होणार, हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणातच सांगितले जाते. परिणामी रहस्यकथेतील ‘कोणी?’ हा प्रश्न गळून पडतो व ‘का?’ तेवढा उरतो. लीझचा प्रवास वर्तमानकाळात, तर पोलिसांचा तपास भविष्यकाळात निवेदिला आहे. भडक पोशाखासारखे धागेदोरे तीच पेरत जाते. बळीला कर्तेपण देणारी ही रचना मुक्तिदायी भासते खरी. परंतु अखेरीस मारेकरी तिची सूचना झुगारून तिच्यावर बलात्कार करतो आणि त्या कर्तेपणाची मर्यादा उघड होते. निवेदकही तिच्या मनात शिरत नाही. पोलिसांना पुरावे मिळतात, वाचकाला घटनाक्रम. लीझ मात्र दोघांच्याही हाती लागत नाही. तपासाच्या या पराभवातच कादंबरीचे नैतिक गांभीर्य आहे.