छप्पन्न नंबरची दाढ

आपल्याकडे छत्तीसच्या आकड्याचं नाव उगीच खराब झालंय. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात, म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांचा छत्तीसचा आकडा. दंतवैद्याच्या नोंदवहीत मात्र ३६ म्हणजे खालच्या जबड्यातली, डाव्या बाजूची पहिली पक्की दाढ. ३ हा तोंडाचा कोपरा आणि ६ हा मधल्या रेषेपासून मोजलेला क्रम. दोन अंकांत दाताचा पूर्ण पत्ता आला. ही अंकपद्धती एखाद्या रचनेसारखी वाचावी असं मला फार दिवस वाटत होतं, कारण तिच्यात एकही अंक भरतीचा नाही.

आधी तिचं घराणं. व्हिएन्नाच्या आडोल्फ झिगमोंडी यांनी १८६१ साली दातांसाठी काटकोनी चौकट काढली. तोंडाचे चार भाग करणाऱ्या दोन रेघा आणि प्रत्येक भागात दाताचा क्रमांक. कागदावर ती सुरेख दिसते, पण टंकयंत्रावर उमटत नाही आणि फोनवर सांगता येत नाही. अमेरिकेने सरळ १ ते ३२ मोजणी धरली आणि दुधाच्या दातांना अक्षरं दिली. मग १९७० साली बुखारेस्टला जागतिक दंतवैद्यक महासंघाच्या सभेत दोन अंकांची पद्धत स्वीकारली गेली. ती शिकायला आणि उच्चारायला सोपी हवी, छापता आणि तारेने पाठवता यावी, आणि संगणकात सहज भरता यावी, अशा अटी होत्या. शेवटची अट पुन्हा वाचावी. संगणक खोलीएवढा असायचा त्या काळात काही दंतवैद्यांनी त्याची सोय पाहून दातांना नंबर दिले.

आता रचना पाहू. डॉक्टर समोर बसून पाहतात तेव्हा रुग्णाचा वरचा उजवा कोपरा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. ही प्रदक्षिणाच झाली. दुधाच्या दातांसाठी तीच प्रदक्षिणा पुन्हा, ५ पासून ८ पर्यंत. मोजणी नेहमी मधून बाहेर. त्यामुळे ११ आणि २१ हे समोरचे शेजारी, १३ म्हणजे सुळा, १८ म्हणजे अक्कलदाढ. ११ पासून ८५ पर्यंत पंचाहत्तर आकडे होतात. त्यांतले ३२ पक्क्या दातांचे, २० दुधाच्या. उरलेले तेवीस रिकामे. कुणी चुकून १९ किंवा ७६ भरलं, तर संगणक तिथेच अडवू शकतो.

मराठी कानाला मात्र थोडी सवय करावी लागते. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा आधी सात येतो, मागून वीस. म्हणजे आधी दाढ, मग कोपरा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस सात’ आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. दंतवैद्यांनी तो वाद घातलाच नाही. ते ‘टू-सेव्हन’ म्हणतात, एकेक अंक सुटा. हे सुटेपण यंत्रालाही मानवलं. २०२३ साली डेंटेक्स नावाची एक संशोधन-स्पर्धा झाली. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर दात ओळखायला यंत्राला शिकवायचं होतं. पायऱ्या अशा: आधी कोपरा, मग क्रमांक, मग आजार. म्हणजे यंत्रानेही दोन अंक डावीकडून उजवीकडेच वाचले.

हे सगळं नंदुरबारला बसून लिहावंसं वाटतं, त्याला कारण आहे. देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. ते बारा अंक मुद्दाम अर्थहीन ठेवलेले असतात. त्यांवरून माणसाचं गाव, वय, जात काहीच कळू नये. माणसासाठी ते योग्यच आहे. दाताच्या दोन अंकांचं उलट आहे. तिथे प्रत्येक अंक बोलला पाहिजे. धडगावकडच्या आश्रमशाळेत मूल पावरी बोलतं, गुरुजी मराठी, डॉक्टर इंग्रजी शब्द वापरतात. ‘मागची, वरची, त्या बाजूची’ या वर्णनात तिघांचा गोंधळ होईल. कुणाचा उजवा हात, मुलाचा की डॉक्टरांचा? २६ म्हटलं की गोंधळ संपतो. तीच नोंद धुळ्याच्या दंत महाविद्यालयात पोचली तरी दाढ तीच राहते.

या रचनेतली मला सगळ्यात भावलेली जागा वजाबाकीची आहे. दुधाच्या दाताच्या नंबरातून ४० वजा करा, त्याच्या जागी येणारा पक्का दात मिळतो. ५१ पडला की ११ येतो, ७३ पडला की ३३, ८५ पडला की ४५. आता उलट करून पाहा. १६ मध्ये ४० मिळवले की ५६ होतात. पण ५६ नंबरचा दात नाही. दुधाचे दात एका कोपऱ्यात पाचच. १६, २६, ३६ आणि ४६ या दाढा कुणाला पाडून, कुणाच्या जागी येत नाहीत. दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून, साधारण सहाव्या वर्षी गुपचूप वर येतात. काही पडलेलं नसतं, म्हणून नवीन काही आलंय हे घरात कळतही नाही. दाढ काळी पडली तरी ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून सोडून दिली जाते. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असतात, अन्न तिथेच अडकतं, आणि कीड बहुधा तिथूनच सुरू होते. वेळेवर लक्ष गेलं, तर त्या खाचा सीलंटने बुजवता येतात.

आईवडिलांच्या त्या गैरसमजाचं उत्तर या पद्धतीने एका रिकाम्या आकड्यात देऊन ठेवलंय. इतकं नेमकं मौन मी फार थोड्या लेखनात पाहिलंय.

पहिलीच्या वर्गशिक्षकांना, अंगणवाडीताईंना आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांना माझी विनंती आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला उजेडात तोंड उघडायला सांगा. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. पाच जागा ओलांडल्यावर सहाव्या जागी दाढ दिसली, तर ती पक्की आहे. ती पडली, तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.