वुशूमध्ये गुण नेमके कशाला मिळतात?

सिनेमात येण्याआधी जेट ली चीनचा राष्ट्रीय वुशू विजेता होता, हे तुम्ही ऐकलं असेल. पण ती स्पर्धा कुणाशी लढायची नव्हती. गालिच्यावर बसवलेल्या हालचाली करून दाखवायच्या आणि पंचांनी गुण द्यायचे, अशी होती. या प्रकाराला ताओलू म्हणतात. प्रत्यक्ष लढतीचा प्रकार वेगळा, त्याचं नाव सांदा. मणिपूरच्या रोशिबिना देवीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं ते सांदामध्ये.

‘वुशूचा खेळ झाला आणि कला मेली’ ही तक्रार जुनी आहे. माझं पीएचडीचं काम शरीराच्या हालचाली मोजण्याचं, त्यामुळे मला आधी वेगळा प्रश्न पडतो: हे गुण नक्की काय मोजतात?

आंतरराष्ट्रीय नियमांत, काठिण्य असलेल्या ताओलू प्रकारांना एकूण १० गुण असतात. हालचालींच्या अचूकपणाला ५, एकूण सादरीकरणाला ३ आणि काठिण्याला २. दोनच गुण, म्हणजे किरकोळ वाटतात ना? पण वरच्या पातळीवर सगळेच अचूक असतात, आणि पदकाचा निकाल अनेकदा दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर लागतो. तिथे हे दोन गुण सोडून कोण देईल? त्यामुळे सराव त्यांच्याभोवती फिरू लागतो.

काठिण्याची एक उडी बघा. हवेत ७२० अंश फिरत लाथ मारायची आणि घोड्यावर बसल्यासारख्या बैठकीत उतरायचं. पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा कोनीय संवेग बदलता येत नाही. जास्त फिरायचं तर हातपाय अंगाशी घ्यावे लागतात. लाथ जोरात बसायची असेल तर मात्र पाय लांब जायला हवा, आणि दुसरा पाय जमिनीत रोवलेला असला तर उत्तम. म्हणजे गुणपत्रिका जे मागते ते लाथेच्या मूळ कामाच्या जवळजवळ उलट आहे. अर्थशास्त्रातला गुडहार्टचा नियम हेच सांगतो: मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप बिघडतं.

मग परंपरावाले बरोबर का? इतकं सोपं नाही. आज जगभर पहाटे बागेत केलं जाणारं २४ हालचालींचं ताईची १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने बसवलेलं आहे. १९२८ साली नानजिंगच्या परीक्षेत लोक मंचावर खरोखर लढले होते, म्हणजे चाचणीची कल्पनाही बाहेरून आलेली नाही. पुढे नव्या राजवटीत सादरीकरणाची स्पर्धा आधी उभी राहिली, आणि सांदाची चाचपणी सुरू व्हायला १९७९ उजाडलं. एकाच विद्येचे असे दोन तुकडे झाले.

शिवाय परंपरेचा दावाही तपासावा लागतो. २०१७ साली चेंगडूत शू शियाओदोंग या लढवय्याने एका ताईची गुरूला काही सेकंदांत खाली पाडलं. एका लढतीवरून अख्खी पद्धत खोटी ठरत नाही, नमुना एकच आहे! पण कधीच न तपासलेली विद्या खरी मानायलाही तोच नमुना पुरत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी चमूने वुशू दाखवलं, त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे आपले देशी खेळ दाखवले. मल्लखांब हा मूळचा पैलवानांचा पूरक व्यायाम. आज तो स्वतंत्र स्पर्धा आहे, आणि मल्लखांबपटूला कुस्ती येते का, हे कुणी विचारत नाही. ते ठीकच आहे, कारण मल्लखांब स्वतःला कुस्ती म्हणवत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. ताओलू हा उत्तम खेळ आहे. पण ‘चिनी युद्धकला’ या पूर्ण नावाने तो उभा राहतो, आणि जोडीदाराच्या हाताला हात लावून त्याचा तोल ओळखण्यासारख्या गोष्टी त्याच्या गुणपत्रिकेत बसतच नाहीत. जे मोजलं जात नाही ते शिकवायला क्लासला वेळ उरत नाही, आणि शिकवणारे गेले की ते ज्ञानही जातं. २०२६ च्या डाकार युवा ऑलिंपिकमध्ये वुशू आहे. आता पोरं लहानपणापासून या नियमांनुसारच घडणार.

म्हणून पुढच्या वेळी वुशूचा व्हिडिओ बघाल तेव्हा ‘हे खरं की खोटं?’ असं विचारू नका. यात काय मोजलं, आणि काय मोजायचं राहिलं, तेवढं विचारा.