'येर्मा'ची 'चांगुणा' : नामांतराचा अन्वयार्थ

फेदेरिको गार्सिया लोर्का या स्पॅनिश नाटककाराच्या 'येर्मा' (१९३४) या शोकात्मिकेचे आरती हवालदार यांनी केलेले मराठी रूपांतर 'चांगुणा' होय. हे नामांतर म्हणजे केवळ स्थानिकीकरण नव्हे. 'येर्मा' या नावातून ओसाड भूमी सूचित होते. चांगुणा मात्र मालेगाव-वाशीमपासून कोकणापर्यंत 'शिवलीलामृता'तून परिचित असलेली, अतिथीसाठी चिलयाचा बळी देणारी माता. अपत्यहीनेच्या शोकात्मिकेला पुत्रवतीचे नाव मिळावे, हा विरोधाभास वरवरचा आहे. पतीचा गळा आवळताना येर्माही आपले संभाव्य अपत्य स्वहस्ते संपवते. भेद पुढे आहे : पुराणातील चांगुणेला शिवकृपेने पुत्र परत मिळतो; येर्माला कोणतीच कृपा लाभत नाही. परंपरेने मातेला दिलेले हे आश्वासनच रूपांतराचे शीर्षक प्रश्नांकित करते.