आभासी कुंपण आणि खरे गवत

तार नाही, खांब नाही, तरी गाय ठरावीक रेषेपलीकडे जात नाही. ‘आभासी कुंपण’ या नावाचे हे तंत्र गेल्या काही वर्षांत नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या देशांत वापरात आले आहे. त्याची भलामण करताना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: गुरे हवी तिथेच चरतात आणि त्यामुळे नैसर्गिक गवताळ कुरणे सुधारतात. यांतील पहिली गोष्ट आम्हांला बरीचशी मान्य आहे. दुसरी मात्र तपासून घ्यायला हवी.

प्रथम तंत्र पाहू. गाईच्या गळ्यातील पट्ट्यात उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान ठरवणारे यंत्र असते. मालक संगणकावरील नकाशावर रेषा आखतो. गाय रेषेजवळ आली की पट्टा आवाज करतो. ती तशीच पुढे गेली तर विजेचा हलका धक्का बसतो. काही दिवसांत बहुतेक गाई नुसत्या आवाजानेच मागे वळू लागतात. पाव्हलॉव्हचे प्रयोग शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे, पण एक फरकही सांगावा. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याने काहीही केले तरी संकेतामागून अन्न येतच असे. इथे मागे वळले तर धक्का टळतो. ही सुटका जनावराला उमगली नाही, तर तो निव्वळ छळ होईल. शिवाय स्थान ठरवण्यात काही मीटरची चूक राहू शकते. म्हणून वाहत्या रस्त्यालगत केवळ या कुंपणावर विसंबणे धोक्याचे आहे.

फायदे खरे आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी तारेवरून सहसा उडी मारत नाही. तो खालून सरपटत जातो आणि काटेरी तारेने जखमी होतो. तिथले सेज ग्राउस पक्षी उडताना तारांवर आदळून मरतात. तारा निघाल्या तर दोघांनाही लाभ होईल. ऑरेगन राज्यात मुद्दाम जाळलेल्या जमिनीवर गवत पुन्हा उगवेपर्यंत गुरे दूर ठेवायची होती. आभासी कुंपणाने हे काम चांगले साधले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

पण गाय रेषेत राहिली म्हणजे गवत सुधारले, असे होत नाही. कोलोरॅडोतील आखूड गवताच्या प्रदेशात संशोधकांनी सुमारे १३० हेक्टरांच्या कुरणांच्या दहा जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतील एका कुरणात गोऱ्ह्यांचा स्वतंत्र कळप हंगामभर मोकळा चरला. उरलेल्या दहा कुरणांसाठी मिळून एकच मोठा कळप होता. तो गवताची स्थिती पाहून एका कुरणातून दुसऱ्यात हलवला जाई. एकूण जनावरे दोन्हीकडे सारखीच होती. कुंपणे मात्र नेहमीची, तारेची होती. २०१४ ते २०१८ या पाच हंगामांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. फिरत्या चराईने वनस्पतींत अपेक्षित सुधारणा झाली नाही. उलट गोऱ्ह्यांची वजनवाढ १२ ते १६ टक्क्यांनी कमी भरली. दाटीने चरताना जनावराला कसदार पाला वेचून खाण्यास कमी वाव मिळतो, हे त्याचे एक कारण आहे.

या प्रयोगाने आभासी कुंपण निकामी ठरत नाही. कुंपण हलवणे सोपे झाले म्हणून कुरण आपोआप सुधारत नाही, एवढेच त्यातून कळते. पाऊस किती पडला, जनावरे किती सोडली, यांची उत्तरे पट्ट्यात नसतात. आणि ‘सुधारणा’ तरी कोणाची? याच प्रदेशातील माउंटन प्लोव्हर हा पक्षी अगदी आखूड गवतात घरटे करतो, तर लार्क बंटिंगला आडोसा देणारे उंच गवत लागते. सगळीकडे सारखी, नेटकी चराई झाली तर दोघांपैकी एकाची अडचण होणारच.

विद्यार्थ्यांना असे वृत्त वाचून दाखवताना शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे मोजले काय? गाय रेषेत किती वेळ राहिली, हे यंत्र सांगते. गवताचे काय झाले, ते जमिनीवर बसूनच मोजावे लागते. त्यासाठी शाळेजवळच्या माळावर एक मीटरचे दोन चौकोन आखावेत, एक गुरे चरतात तिथे आणि दुसरा चरत नाहीत तिथे. दोन्हींतील गवताचे प्रकार व उंची मुलांकडून पावसाळाभर दर आठवड्याला नोंदवून घ्यावी.