परचित्त आणि आरसा

सामञ्ञफलसुत्तातील चेतोपरियञाणाचा, म्हणजे दुसऱ्याचे चित्त जाणण्याचा, परिच्छेद दोन प्रकारे वाचला जातो. कोणी त्यास सिद्धी मानून हात जोडतात. कोणी बुद्धिवादाच्या नावाखाली तो प्रक्षिप्त ठरवून पुढे जातात. आमच्या मते दोघेही त्यातील उपमेकडे पाहत नाहीत.

नटण्याची हौस असलेले तरुण माणूस, स्त्री असो वा पुरुष, आरशात किंवा भांड्यातील नितळ पाण्यात आपले मुख न्याहाळते आणि त्यावर डाग आहे की नाही हे जाणते. जाणावयाचे आहे परचित्त, आणि दृष्टांत आहे स्वतःच्या मुखाचा! तेथील सराग-वीतराग, सदोस-वीतदोस (सदोस म्हणजे द्वेषयुक्त, मराठीतील ‘सदोष’ नव्हे) इत्यादी सोळा पदे जशीच्या तशी सतिपट्ठानसुत्तात स्वचित्ताच्या निरीक्षणासाठी येतात. शिवाय ते निरीक्षण ‘अज्झत्त’ तसेच ‘बहिद्धा’, म्हणजे आत आणि बाहेरही, करावयास सांगितले आहे. आपल्यातील द्वेष ज्याने द्वेष म्हणून ओळखला नाही, त्यास तो दुसऱ्यात कसा ओळखू येणार?

हा परिच्छेद इद्धींच्या पंक्तीत बसलेला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु केवट्टसुत्तात, नालंदेच्या आम्रवनात, परचित्त सांगण्याच्या चमत्काराविषयी भगवंतांनी स्पष्ट नापसंती दर्शविली आहे : संशयी मनुष्य त्यास मणिका विद्या म्हणेल. श्रेष्ठ ठरविले ते अनुशासनालाच.

धम्मवर्गांत सामञ्ञफलसुत्त शिकविताना हा परिच्छेद गाळू नये. सतिपट्ठानसुत्त शेजारी ठेवून तो वाचावा, अशी आमची सूचना आहे.