देवदारु आणि देवदारी खोकें

संस्कृत काव्याच्या मराठी भाषांतरांत वृक्षांचीं नांवें जशींच्या तशीं ठेवण्याची चाल आहे. शब्द ठेवला कीं अर्थही उतरला, अशी भाषांतरकाराची समजूत दिसते. परंतु ‘देवदार’ म्हणतांच सामान्य मराठी वाचकापुढें उभें राहतें तें खिळे ठोकलेलें देवदारी खोकें. आणि तेंही बहुधा चिडासारख्या हलक्या लांकडाचें! सुरूची गत याहून वाईट. ज्या फारसी शब्दावरून हें नांव आलें तो वृक्ष सायप्रस. कोंकणच्या किनाऱ्यावरचा आपला सुरू मात्र कॅझुरायना, म्हणजे सूचिपर्णी वर्गाबाहेरचा.

काव्यरसास वनस्पतिशास्त्र कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत आहे. हिमालयांत रघूचे हत्ती सरल वृक्षांस बांधलेले आहेत. आणि तळ उठल्यावर किरातांना त्या हत्तींची उंची कळते ती देवदारांच्या सालीवरील दोरांच्या घर्षणावरून. लागोपाठच्या दोन श्लोकांत दोन निराळे वृक्ष! सरल म्हणजे चीड. त्याच्या लांब सुया तीन तीनांच्या जुडग्यांत असतात. देवदाराच्या सुया आंखूड असून जुन्या फांद्यांवर त्यांचे दाट झुबके असतात; त्याचे शंकु फांदीवर ताठ उभे राहतात व पिकल्यावर तेथेंच खवल्याखवल्यांनी विखरतात. सुमारें २,००० मीटर उंचीच्या आसपास या दोघांच्या सीमा भिडतात. कवीनें नांवें केवळ वृत्तासाठीं भरलेलीं नाहींत.

गढवाल-कुमाऊंतला सुराई, म्हणजे हिमालयांतील सायप्रस, यांहून वेगळा. त्याचीं पानें खवल्यांसारखीं डहाळीस चिकटलेलीं, फळ लहान, वाटोळें व काष्ठमय; चुनखडीचे कडे त्यास विशेष मानवतात. जुनिपराचीं पानेंही पुष्कळदां तशींच. पण कोंवळ्या झाडाचीं टोंचतात, आणि फळ मात्र गरदार, निळसर काळ्या मण्यासारखें असतें. लडाखांत त्यास शुकपा म्हणतात व त्याच्या डहाळ्यांचा धूप जाळतात. इंग्रज यालाच ‘पेन्सिल सीडर’ म्हणत; त्यामुळें इंग्रजी प्रवासवर्णनावरून मराठी करणारा सहज जुनिपराचा देवदार करून बसतो.

हा दोष क्षुल्लक नव्हे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत देवदार हा शंकराचा मानलेला पुत्र आहे; पार्वतीनें त्यास पाणी घालून वाढविलें. रानहत्तीनें अंग घांसून त्याची साल सोलली, तेव्हां तिला कार्तिकेयास जखम झाल्याइतकें दुःख झालें. तो पुराणवृक्ष ज्यास दिसत नाहीं, त्यास तें दुःखही अतिशयोक्तीच वाटणार. भाषांतरकारांनीं श्लोकाखालीं दोन ओळींची टीप द्यावी, आणि ती देण्यापूर्वीं शक्य तर एकदां तें झाड पाहून यावें, एवढीच विनंती.