‘जावेदनामा’तील अबू जहल : विरोधकाच्या तोंडची साक्ष

डॉ. मुहम्मद इकबाल (१८७७-१९३८) यांचे ‘जावेदनामा’ हे फारसी महाकाव्य १९३२ साली प्रसिद्ध झाले. मौलाना रूमींच्या सोबतीने आकाशलोकांचा प्रवास करणारा कवी पहिल्याच मुक्कामी, म्हणजे चंद्रलोकात, ‘वादी-ए-तवासीन’ नावाच्या दरीत येतो. तेथे चार शिळालेख आहेत. गौतम बुद्ध, जरथुष्ट्र, हजरत ईसा (अ.) आणि प्रेषित हजरत मुहम्मद (स.) या चौघांच्या शिकवणुकीचे सार एकेका प्रसंगातून मांडावे, अशी योजना दिसते. बुद्ध आणि जरथुष्ट्र तेथे स्वतः बोलतात. चौथ्या लेखात मात्र प्रेषित (स.) बोलत नाहीत, त्यांचा एखादा साथीही बोलत नाही. तेथे ऐकू येतो तो अबू जहलच्या आत्म्याने काबागृहात मांडलेला विलाप. इस्लामची ओळख करून देण्याचे काम इस्लामच्या सर्वांत कडव्या मक्की विरोधकावर सोपवणे, ही निवड साधी नाही. उर्दूच्या पदव्युत्तर वर्गांत इकबाल शिकवले जातात, पण हा भाग ‘उपरोध’ एवढ्या एका शब्दात उरकला जातो, आणि तेवढ्याने भागत नाही.

‘तासीन’ ही संज्ञा इकबाल यांनी मन्सूर हल्लाज यांच्या ‘किताब-उत्-तवासीन’ या ग्रंथावरून घेतली आहे. इ. स. ९२२ मध्ये बगदादेत मृत्युदंड भोगलेल्या या सूफीने त्या ग्रंथात इब्लीस आणि फिरऔन यांना आपापली बाजू मांडू दिली आहे. नाकारलेल्याला बोलू द्यावे, त्याचे म्हणणे अर्ध्यावर तोडू नये, ही रीत इकबाल यांना शीर्षकासोबतच मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही. या पार्श्वभूमीवर अबू जहलचा विलाप वाचला की त्यामागचे धाडस आणि त्याची परंपरा दोन्ही ध्यानात येतात.

विलापातील तक्रारी थोडक्यात अशा : या माणसाने काब्याचा दिवा विझवला, कैसर आणि किस्रा यांच्या नाशाची गाणी गाऊन आमची तरुण पोरे आमच्या हातून नेली, वाडवडिलांचा धर्म गुंडाळून ठेवला, डोळ्यांना दिसणाऱ्या देवांना सोडून न दिसणाऱ्यापुढे मान तुकवायला लावली. येथवरचा भाग कोणत्याही सनातनी माणसाच्या तोंडी शोभेल. खरी आग पुढे आहे. याचा धर्म मुलूख आणि वंश दोन्ही कापून काढतो. स्वतः कुरैशी असून अरबांचे श्रेष्ठत्व मानत नाही. आपल्या गुलामासोबत एका दस्तरखानावर बसतो. गोऱ्यात काळे मिसळून घराण्यांची अब्रू घालवतो. ही समता आणि बंधुता मुळात अजमी, म्हणजे परकी आहे. सलमान हा मज्दकाच्या पंथाचा असून त्यानेच याला भुलवले, असाही आरोप येतो. शेवटी तो हुबलला आपले घर परत घ्यायला सांगतो, लात आणि मनात यांना जाऊ नका म्हणून विनवतो. त्या विनवणीत इकबाल यांनी अरबी शब्द योजले आहेत, आणि त्यांत इम्रुल कैसच्या मुअल्लकेतील विरहाचा सूर स्पष्ट ऐकू येतो. मूर्तींना प्रेयसीच्या भाषेत हाक मारणारा हा अबू जहल त्या क्षणापुरता खरोखर करुण वाटतो.

काळाचा हिशेब येथे जुळत नाही, असा आक्षेप विद्यार्थी घेतात. अबू जहल बद्रच्या लढाईत, इ. स. ६२४ मध्ये मारला गेला. काब्यातील मूर्ती हटवल्या गेल्या त्या ६३० मध्ये. हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा प्रेषितांशी संबंध आला तो मदीनेत. परंतु बोलणारा आत्मा आहे, हे शीर्षकातच सांगितले आहे. आपल्या हयातीत जे घडू नये म्हणून प्राण दिला तेच घडलेले पाहत तो काब्यात उभा आहे. विलापात तो जुना कवी जुहैर यालाही थडग्यातून उठायला सांगतो. मेलेल्याने मेलेल्याला मारलेली ही हाक फार बोलकी आहे.

मराठी अलंकारशास्त्राच्या परिभाषेत या रचनेला ‘व्याजस्तुती’ म्हणण्याचा मोह होतो. अरबी-उर्दू बलागतीतही निंदेच्या रूपाने स्तुती दृढ करण्याच्या अलंकाराला स्वतंत्र नाव आहे. पण दोन्ही संज्ञा येथे अपुऱ्या पडतात. व्याजस्तुतीत बोलणाऱ्याच्या मनात स्तुती असते आणि निंदा हे निमित्त असते. अबू जहलच्या मनात स्तुतीचा लवलेशही नाही. त्याची निंदा मनापासूनची आहे. स्तुती घडते ती ऐकणाऱ्याच्या ठायी, कारण ज्याला तो कलंक समजतो त्यालाच वाचक भूषण मानतो. म्हणजे या कवितेचा अर्थ वाचकाच्या मूल्यांवर अवलंबून आहे. घराण्याच्या अब्रूची चिंता ज्या वाचकाला खरोखरच असेल, त्याला हा विलाप पटूही शकेल. कवितेची ताकद आणि तिचा धोका एकाच ठिकाणी आहेत.

नावाचाही विचार करायला हवा. अम्र बिन हिशाम हे त्याचे मूळ नाव, बनू मखजूम हे कुळ. मक्केत त्याला ‘अबुल हकम’, म्हणजे निवाड्याचा धनी, म्हणत. चाळिशीच्या आतल्यांना मज्जाव असलेल्या ‘दारुन्नदवा’ या सभागृहात त्याला कोवळ्या वयातच प्रवेश मिळाला, असे परंपरा सांगते. ‘अबू जहल’ हे मुसलमानांनी दिलेले नाव. उर्दूतील ‘जाहिल’ या शब्दामुळे आपण त्याचा अर्थ सरळ ‘अडाण्यांचा बाप’ असा घेतो. परंतु इग्नाझ गोल्डझिहर या हंगेरियन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातच दाखवले, की जुन्या अरबीत ‘जहल’चा विरुद्धार्थी शब्द ‘इल्म’ नसून ‘हिल्म’ आहे. हिल्म म्हणजे संयम, सहनशीलता. जहल म्हणजे डोके फिरवणारा अहंकार, चटकन पेटणारा स्वभाव. व्युत्पत्ती काही असो, मराठी शिक्षकाला ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही जोडी येथे फार उपयोगी पडेल. इकबाल यांचा अबू जहल या अर्थाने नावाला जागतो. तो अडाणी मुळीच नाही. नव्या धर्माचा सामाजिक परिणाम काय होणार, हे त्याला नेमके कळले आहे आणि कळले म्हणूनच तो पेटला आहे.

मात्र याच ठिकाणी कवितेची मर्यादाही आहे. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये, जी इब्न हिशामच्या संपादित रूपात आपल्यापर्यंत आली, एक प्रसंग आहे. अबू जहल, अबू सुफियान आणि अखनस बिन शरीक हे तिघे रात्री लपून, एकमेकांना नकळत, प्रेषितांचे कुरआन-पठण ऐकायला गेले. परतताना गाठ पडली, पुन्हा यायचे नाही असे ठरले, तरी ते तीन रात्री गेले. नंतर अखनसने अबू जहलला त्याचे मत विचारले. त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा : मानासाठी बनू अब्दे मनाफ आणि आमच्यात चढाओढ होती. त्यांनी जेवणावळी घातल्या, आम्हीही घातल्या. त्यांनी दान दिले, आम्हीही दिले. शर्यतीच्या दोन घोड्यांसारखे आम्ही बरोबरीत आलो, आणि आता ते म्हणतात, आमच्यात पैगंबर आला! याची बरोबरी कशी करायची?

हे उत्तर विलापातील तत्त्वज्ञानापेक्षा कितीतरी लहान आहे आणि म्हणून कितीतरी खरे वाटते. त्यात अरब-अजम नाही, मूर्तींचे प्रेमही नाही. आहे ती शेजारच्या घराशी असलेली चुरस. ऐकलेले खोटे आहे, असेही तो म्हणत नाही; ते ‘त्यांच्या’ घरातून आले, एवढेच त्याला सोसत नाही. संस्था, जमात, भाऊबंदकी यांत वावरणाऱ्या कोणालाही असा नकार ओळखीचा वाटेल. इकबाल यांनी हा धागा सोडून दिला. व्यापारी मक्केचे हितसंबंध, बनू हाशिमवर सुमारे तीन वर्षे लादलेला बहिष्कार, यांचाही विलापात मागमूस नाही. सर्वांत खटकते ते हजरत सुमय्या (रजि.) यांचे नसणे. परंपरेनुसार इस्लामच्या पहिल्या हुतात्मा ठरलेल्या या दासीला अबू जहलनेच भाला मारून ठार केले. गुलामासोबत एका ताटात जेवणाऱ्याबद्दल तक्रार करणारा हा आत्मा स्वतःच्या हातून झालेल्या त्या खुनाबद्दल अवाक्षरही काढत नाही. खुनी माणूस असाच गप्प राहील, असे समर्थन करता येईल. पण कवितेत या मौनाची जाणीव देणारी एकही खूण नाही, त्यामुळे ते अबू जहलचे मौन न राहता कवीचे विस्मरण वाटते.

इकबाल यांना असा अबू जहल का हवा होता, हे त्याच काव्यात पुढे कळते. विलापाला कोणीच उत्तर देत नाही. प्रवासी तेथून बुधलोकात जातात. तेथे जमालुद्दीन अफगाणी ज्या विषयांवर बोलतात त्यांत धर्म आणि वतन, समाजवाद आणि साम्राज्यशाही हे आहेत. ‘मुलूख आणि वंश’ हा विलापातील शब्दप्रयोग, सलमान यांच्यावरचा मज्दकी असल्याचा आरोप, हे सारे त्या चर्चेची पूर्वतयारी आहे. इकबाल यांच्या लेखणीत मज्दकाचे नाव पुढेही साम्यवादासाठी येते. ‘इब्लीस की मजलिस-ए-शूरा’ ही १९३६ ची उर्दू कविता त्याचे उदाहरण. सातव्या शतकातील मक्केत कुळ होते, ‘मुलूख’ या अर्थाचे राज्य नव्हते. विलाप करणारा आत्मा पुष्कळ अंशी विसाव्या शतकातील वंशवादी राष्ट्राभिमान्याचा आहे. अम्र बिन हिशामचा त्यात वाटा थोडा.

म्हणून वर्गात हा भाग शिकवताना इब्न इसहाकचा तो प्रसंग शेजारी ठेवणे इष्ट. आणखी एक वृत्तांतही सोबत असावा. अबू जहलचा मुलगा इक्रिमा मक्का-विजयानंतर यमनच्या दिशेने पळाला होता. पत्नी उम्मे हकीम यांनी अभय मिळवून त्याला परत आणले आणि त्याने इस्लाम स्वीकारला. तो येण्यापूर्वी प्रेषितांनी (स.) साथींना बजावले होते, की त्याच्या बापाला त्याच्यासमोर शिव्या देऊ नका, मेलेल्याला दिलेली शिवी मेलेल्यापर्यंत पोहोचत नाही, जिवंताला मात्र लागते. हजरत इक्रिमा (रजि.) पुढे सीरियाच्या मोहिमेत रोमन फौजांशी लढताना शहीद झाले.